रुपयाला एक पैसा

१९५७ सालच्या एप्रिलची पहिली तारीख उजाडेपर्यंत आपल्या रुपयाचे आणे सोळा होते आणि आण्याचे पैसे चार. सोळा चोक चौसष्ट. म्हणजे पैसा हा रुपयाचा चौसष्टावा हिस्सा. पुढे दशमान नाणी आली, रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, आणि चौसष्टाचा आकडा बिचारा चौसष्ट कलांपुरता आणि बुद्धिबळाच्या पटापुरता उरला. तुम्ही म्हणाल, ऐन दिवाळीत चकली-करंजी सोडून हे अंकगणित कशाला? तर त्याचे कारण असे, की हा जुना हिशेब आमच्या घरात अजून चालू आहे, आणि तो चालू ठेवला आहे अमेरिकेच्या मोटारींनी.

दचकू नका. कर्जतच्या आमच्या घरापुढे अमेरिकन मोटार उभी नाही. घरापुढे उभी असते ती सौ.ची स्कूटर. मोटारी होत्या त्या आत, थोरल्या बंधूंच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात. चार बोटे लांब, ओतीव धातूच्या, खेळण्यातल्या. त्यांचे माप एकास चौसष्ट. शेवरले कंपनीची कमॅरो नावाची १९६७ च्या मॉडेलची खरी मोटार चार मीटर एकोणसत्तर सेंटिमीटर लांब होती. चौसष्टाने भागा, सव्वासात सेंटिमीटर आणि वर एक केस! सगळ्याच मोटारींत हे माप काटेकोर पाळलेले असते असे नाही. पाकिटात मावावी म्हणून एखादी जरा चेपलेली असते, एखादी जरा फुगवलेली. पण ठोकळ हिशेब रुपयाला एक पैसा.

"रुपया आपल्याला झेपणार नाही," दादा म्हणे, "पण पैसा मागायला कुणाची चोरी आहे?"

असे तीनशे अकरा पैसे त्याने जमवले होते.

दादा खोपोलीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये फिटर होता. कर्जतहून सकाळची खोपोली लोकल धरायची, पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी करीत पंधरा किलोमीटर जायचे आणि संध्याकाळी तसेच परत यायचे, हा क्रम पस्तीस वर्षे चालला. त्याचे काम साचे घडवण्याचे आणि दुरुस्त करण्याचे. १९७४ साली त्यांच्या खात्याचे एक साहेब अमेरिकेहून परत आले, तेव्हा त्यांनी एक छोटीशी हिरवी मोटार टूलरूमच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "खेळणे म्हणून पाहू नका. काम पाहा." सगळ्यांनी पाहिले आणि सगळे आपापल्या व्हाइसकडे परतले. दादा पाहतच राहिला. दोन वर्षांनी साहेबांची बदली झाली, आणि जाताना ती मोटार ते दादाच्या हातावर ठेवून गेले.

ती होती 'कस्टम कमॅरो'. कारखान्यातून आली तशी नव्हे. हौशी माणसाने घरच्या अंगणात आपल्या मनासारखी करून घेतलेली, हा त्या 'कस्टम'चा अर्थ. चाकांना बारीक तांबडी रेघ. अंगावरचा रंग असा, की आतून दिवा लावला आहे असे वाटावे. दादाने आम्हाला त्यामागचे गुपित सांगितले. आधी धातू आरशासारखा घासून घेतात आणि मग त्यावर पारदर्शक रंग देतात. म्हणून चमक रंगाची नसते, खालच्या धातूची असते. हे ऐकून आमची आई म्हणाली, "म्हणजे माणसासारखेच की!" दादाला ते इतके पटले, की पुढे तो हे वाक्य आपलेच म्हणून सांगू लागला.

मोटार हातात आली की दादा आधी ती उताणी करी. लोक तोंडावळा पाहतात, हा पोट पाही. पोटावर नाव असते, साल असते, कुठे घडली ते गाव असते. तिथे जोडाच्या रिव्हेटी दिसतात, साच्यातून वस्तू बाहेर ढकलणाऱ्या पिनांचे गोल ठसे दिसतात. आपल्या घरातला मोदकाचा साचा आठवा. दोन अर्धुके, मध्ये पोकळी. इथे पीठ असते जस्ताचे. त्यात शेकडा चारच्या आसपास ॲल्युमिनियम, जरासे तांबे, चिमूटभर मॅग्नेशियम. चारशे अंशांच्या आसपास हे मिश्रण पाण्यासारखे पातळ होते, ते दाबाने पोलादी साच्यात शिरते आणि पाहता पाहता थिजते. साचा उघडायचा, मोटार काढायची, की दुसरी. पण ती सुटून यावी म्हणून प्रत्येक उभ्या भिंतीला केसभर उतार द्यावा लागतो. तो विसरलात की मोदक साच्यालाच चिकटलाच म्हणून समजा! "आणि हा उतार डोळ्याला दिसता कामा नये," दादा सांगे. "दिसला तर मोटार साबणाच्या वडीसारखी होते. तिथे कारागीर कळतो." जस्तात शिसे मिसळले गेले तर काही वर्षांनी धातू आतून फुगतो, तडकतो आणि भुगा होतो. १९३० नंतरची काही विलायती खेळणी अशीच गेली. तेव्हा स्वस्त जस्ताच्या मोहात पडू नये, असा एक संसारोपयोगी धडाही आम्हाला मिळाला.

आता ज्या खऱ्या मोटारींची ही पिल्ले, त्यांची हकिगत ऐका. अमेरिकेत त्यांना 'मसल कार' म्हणतात. आपण बेटकुळीची मोटार म्हणू. पाँटियाक कंपनीने १९६४ च्या मॉडेलसाठी एक युक्ती केली. मधल्या आकाराच्या गाडीत फार मोठे इंजिन घालायचे नाही, असा मूळ कंपनीचा नियम होता. तेव्हा जॉन डीलोरियन आणि त्यांच्या सोबत्यांनी मोठे इंजिन गाडीचे म्हणून दिलेच नाही. हवे असल्यास जास्तीचे पैसे भरून घ्यायची वस्तू म्हणून यादीत लिहिले! नाव ठेवले 'जीटीओ'. इंजिन सहा लिटर चारशेचे. आपल्या ओळखीची प्रीमियर पद्मिनी अकराशे सीसीच्याही आतली होती. म्हणजे एका बॉनेटखाली सहा पद्मिनी! त्याच वर्षी १७ एप्रिलला न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात फोर्डची मस्टँग आली, मग चार्जर, मग कमॅरो. पाव मैल सरळ रस्ता, दोन गाड्या शेजारी शेजारी, आणि निशाण पडले की धूम. वळायचे वगैरे काही नाही. १९७० नंतर धुराचे कायदे कडक झाले, तरुण पोरांच्या गाड्यांचे विम्याचे हप्ते भडकले, आणि १९७३ साली अरबांनी तेल अडवले. लिटरला चारपाच किलोमीटर जाणाऱ्या बेटकुळीचे दिवस भरले. सगळे वैभव जेमतेम दहा वर्षांचे.

आमच्या मुलखाला ही गोष्ट नवी नाही. खालापूर तालुक्यात चावणी गावाजवळ उंबरखिंड आहे. १६६१ च्या फेब्रुवारीत शाहिस्तेखानाचा सरदार कर्तलबखान मोठी फौज आणि जंगी सरंजाम घेऊन लोणावळ्याच्या बाजूने घाट उतरला आणि ह्या खिंडीत शिरला. ताकद अफाट, पण वाट एवढीशी! शिवाजी महाराजांनी दोन्ही तोंडे आवळली. पुढे जाता येईना, मागे वळता येईना. शेवटी सोबतच्या रायबागनच्या सल्ल्याने खानाने शरणागती पत्करली, सगळा सरंजाम तिथेच टाकला, वर खंडणी दिली आणि जिवानिशी परत गेला. दादा म्हणे, "सहा लिटरची मोटार बोरघाटात घातली तर तिचा कर्तलबखान होईल."

मग ह्या मोटारींचे एवढे वेड का? त्याचे श्रेय खेळणी करणारांना. लहान ओतीव मोटारी विलायतेत पूर्वीपासून होत्या. 'मॅचबॉक्स' नावामागची गोष्ट तर घरगुतीच आहे. जॅक ओडेल ह्या इंग्रज कारागिराची मुलगी ज्या शाळेत जाई, तिथे काड्यापेटीत मावेल एवढेच खेळणे आणायची परवानगी होती. बापाने तेवढा पितळी रोडरोलर करून दिला, आणि त्यातून १९५३ साली धंदा उभा राहिला. पण त्या मोटारी सभ्य होत्या. व्हॅन, ट्रॅक्टर, दुधाची गाडी. १९६८ साली कॅलिफोर्नियाच्या मॅटेल कंपनीने 'हॉट व्हील्स' ह्या नावाने सोळा मोटारी काढल्या. कंपनी हँडलर नवराबायकोने वाढवली. बार्बी बाहुली रूथबाईंची, मोटारी यजमान इलियट यांच्या. आरेखनासाठी त्यांनी जनरल मोटर्समधून हॅरी ब्रॅडली यांना आणले. त्यांनी मोटारीची मागची बाजू उचलली, नाक खाली केले, चाके मोठी केली. आस बारीक तारेचा केला, त्यामुळे मोटार ढकलली की खोलीच्या ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाई. त्या सोळांपैकी निम्म्याहून अधिक मोटारींच्या नावात 'कस्टम' होते, आणि बेटकुळीच्या मोटारींचा त्यांत मोठा भरणा होता. खरी मोटार रस्त्यावर दहा वर्षे टिकली. खेळण्यातली सत्तावन्न वर्षांनी अजून निघते आहे.

आपल्याकडे ह्या वस्तू येणार कुठून? परवान्यांच्या दिवसांत परदेशी खेळणे म्हणजे आगबोटीवरच्या मामाने आणले तर. इंग्रजांच्या डिंकी टॉईजचे काही जुने साचे कलकत्त्याला आले आणि 'निकी' नावाने खेळणी निघाली. पुढे 'लिओ मॅटेल' अशा जोडनावाने हॉट व्हील्स इथे मिळू लागल्या. दादाची दुसरी मोटार त्यांतली. पहिली आणि दुसरी ह्यांत पंधरा वर्षांचे अंतर! मधल्या काळात त्याने कमॅरोची पन्नासेक चित्रे काढली, मापे घेतली, आणि कारखान्यातल्या उमेदवारांना उतार कसा द्यायचा ते तिच्यावरून शिकवले.

पुढे बाजार खुला झाला तेव्हा मोटारी कर्जतच्या बाजारपेठेतल्या स्टेशनरीच्या दुकानांत, वह्या आणि कंपासपेट्यांच्या शेजारी लटकू लागल्या. दादा पगाराच्या दिवशी एक घेई. एकच. वहिनी त्या दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानातून मोगऱ्याचा गजरा घेत. दोघांचा हा अलिखित करार होता, आणि त्यात कुणी कुणाचा हिशेब विचारत नसे.

आमचा मुलूख वाटेवरचा. मुंबई-पुण्याची आगगाडी आमच्यावरून जाते, जुना रस्ता जातो, २००२ पासून द्रुतगती मार्गही खालापुरावरून जातो. साऱ्या जगाच्या मोटारी आमच्या अंगणातून जातात आणि थांबत नाहीत. उलट कर्जत तालुक्यातच माथेरान आहे, जिथे दस्तुरी नाक्यापुढे खासगी मोटारीला मज्जाव आहे. म्हणजे मोटारीवाचून माणूस सुखात जगतो, हे आम्हाला सप्रमाण ठाऊक. त्यामुळे खरी मोटार नाही ह्याचे दुःख दादाने कधी केले नाही. मस्टँग हिंदुस्थानात अधिकृतपणे विकायला आली ती २०१६ साली, किंमत पासष्ट लाख. त्यानंतर एकदा खालापूरच्या टोलनाक्याजवळ आम्ही चहाला थांबलो असता एक तांबडी मस्टँग समोर उभी दिसली. दादा तिच्याभोवती देवळासारखी प्रदक्षिणा घालून आला. मालक तरुण होता, सज्जन होता. म्हणाला, "काका, आत बसा ना." दादा बसला नाही. मला हळूच म्हणाला, "हिला उताणी करता येत नाही रे. पोट कसे पाहायचे?"

घरी येऊन मी हिशेब मांडला. आयुष्यभर गणित शिकवल्याची खोड, दुसरे काय! लांबी चौसष्टपट कमी, रुंदी चौसष्टपट, उंचीही चौसष्टपट. चौसष्टाचा घन दोन लाख बासष्ट हजार एकशे चव्वेचाळीस. पासष्ट लाखांना त्याने भागले तर येतात पंचवीस रुपयांना वीस पैसे कमी. आणि खेळण्यातल्या मोटारीला तेव्हा शंभरावर रुपये पडत, आज दीडशेच्या पुढे गेले. वजनाचेही तेच. खऱ्या गाडीचे सतराशे किलो भागले तर साडेसहा ग्रॅम. खेळण्यातली भरते तीन तोळ्यांच्या पुढे. मी म्हटले, "दादा, खरे पाहता तुझीच मोटार महाग आहे." स्वयंपाकघरातून वहिनींचा आवाज आला, "भाऊजी, हे मी गेली वीस वर्षे सांगते आहे, आणि मला घन करावा लागला नाही!"

संग्रह करणारांत दोन पंथ आहेत. एक पाकीटबंद, दुसरा पाकीटफोड. पाकीटबंद पंथाचे म्हणणे असे, की मोटार पुठ्ठ्यावरच्या प्लास्टिकच्या फुग्यात जन्मभर बंद राहिली पाहिजे. फुगा फुटला की किंमत पडली. ह्या पंथामागे आता मोठा बाजार आहे. १९९५ पासून कंपनी काही थोड्या मोटारी 'ट्रेझर हंट' म्हणून मिसळून पाठवते. त्यांतल्या खास मोटारींना रबरी टायर असतात, जुन्यासारखा झळझळता रंग असतो. दुकानात खोके उघडायच्या आत जाणते लोक त्या काढून घेतात आणि मग दसपट-वीसपट भावाने विकतात. मागून सर्फबोर्ड घातलेली गुलाबी फोक्सवॅगन, १९६९ सालचा नमुना, आज दीड लाख डॉलरची सांगतात. आणि ती दुर्मिळ का, तर ती अरुंद होती, रुळावरून कोलमडे, म्हणून तिचा आकार बदलला. फसलेल्या सुनेला दागिने चढवावेत तशातला प्रकार!

दादा आधी पाकीटबंद होता. पुतण्यानेच त्याला तसे शिकवले होते. मग २६ जुलै २००५ आला. उल्हास नदीचे पाणी कर्जतच्या सखल भागात शिरले, ते आमच्याही ओटीवर चढले आणि पलंगाखालच्या ट्रंकेत गेले. आम्ही माणसे माळ्यावर होतो. पाणी ओसरल्यावर ट्रंक उघडली तर पुठ्ठ्यांचा लगदा, आणि त्या लगद्यात एकशे चाळीस मोटारी. वहिनींनी परातीत पाणी घेतले, टूथब्रश घेतला, आणि दोघे नवराबायको रात्री कंदिलाच्या उजेडात एकेक मोटार धूत बसली. एकीचाही रंग गेला नव्हता. "पुठ्ठा गेला, मोटार राहिली," दादा म्हणाला, आणि त्या दिवसापासून पाकीट घरात आले की त्याच संध्याकाळी फोडायचे, असा नियम झाला. कोकणच्या हवेला हाच पंथ मानवतो. न फोडलेल्या पाकिटाला दोन पावसाळ्यांत बुरशी येते.

संग्रहाचे पुढे काय होते, हा प्रश्न मात्र कुठल्याच पंथाला सुटलेला नाही. पुण्याच्या दिनकर केळकरांनी जन्मभर दिवे, अडकित्ते, वाद्ये जमवली, लहानपणी गेलेल्या आपल्या राजाचे नाव संग्रहाला दिले आणि तो सरकारच्या स्वाधीन केला. कोथरूडच्या जोशींनी छोट्या आगगाड्यांचे संग्रहालय १९९८ साली लोकांसाठी उघडले. ही मोठी माणसे. पण कर्जतच्या तीनशे अकरा मोटारींना कोण संग्रहालय बांधणार?

दादाला जाऊन दोन वर्षे झाली. शेवटच्या आजारात पुतण्याने ठाण्याहून सात मोटारी आणून दिल्या होत्या. दादाचे हात तेव्हा थरथरत. "बरा झालो की फोडू," म्हणून त्याने त्या उशाशी ठेवून दिल्या. त्या तशाच राहिल्या.

वर्षश्राद्ध झाल्यावर एक तरुण व्यापारी आला. बोलायला अदबशीर, माहितगार. कपाट पाहून म्हणाला, सुट्यांना नगामागे तीस-चाळीस रुपये. मग त्याची नजर सात पाकिटांवर गेली आणि तो खुर्चीत जरा पुढे सरकला. त्यांत दोन 'ट्रेझर हंट' निघाल्या. पुतण्याच्या ते ध्यानातही आले नव्हते. सातांची मिळून त्याने जी किंमत सांगितली, ती वहिनींच्या चार महिन्यांच्या पेन्शनीइतकी होती. कारखान्यातल्या माणसाच्या विधवेची पेन्शन किती असते, हे ज्यांच्या घरी येते त्यांना सांगायला नको. शिवाय मागच्या पडवीचे पत्रे त्या पावसात ठिकठिकाणी गळत होते. जुन्या हिरव्या कमॅरोला तो वेगळी रक्कम द्यायला तयार होता. ती ऐकून आम्ही सगळेच गप्प झालो.

पुतण्या म्हणाला, "आई, सगळे देऊन टाकू. बाबांनाही पत्रे नवे झालेले आवडले असते." सून म्हणाली, "सातच्या सात तशीच ठेवू, अजून भाव चढेल." मी काहीच म्हटले नाही. भावाच्या वस्तूवर भावजयीच्या आधी बोलू नये, एवढे मला कळते.

वहिनी चहा घेऊन आल्या. कप ठेवता ठेवता म्हणाल्या, "ह्यांनी ती पाकिटे जपून नव्हती हो ठेवली. फोडायची राहून गेली, इतकेच." मग त्यांनी ती दोन 'ट्रेझर हंट' उचलून त्या मुलाच्या पुढे ठेवली. "ही दोन न्या. पत्र्यांपुरते होईल. बाकीच्यांचे आम्ही बघू." आणि कमॅरो? "ती ह्यांची शाळा आहे," वहिनी म्हणाल्या, आणि कपाटाची किल्ली कमरेला लावली.

पडवीवर नवे पत्रे चढले. सौ. त्यांना अजून 'ट्रेझर हंटचे पत्रे' म्हणते.

मागल्या दिवाळीत पुतण्याची दोन मुले सुट्टीला आली. आधीच्या वर्षी सुतकाचे वर्ष म्हणून किल्ला केला नव्हता, तेव्हा ह्या वर्षी दुप्पट उत्साह. दगड आले, गोणपाट आले, लाल माती आली, हळीव पेरला. गल्लीतली आणखी सहासात पोरे जमली. किल्ला कुठला करायचा, ह्यावर रायगड आणि कोथळीगड असे दोन तट पडले. तेव्हा थोरली नात म्हणाली, "उंबरखिंड करू." शाळेची सहल नुकतीच तिथे जाऊन आली होती. अडचण एकच होती. बाजारात मावळे मिळतात, महाराज मिळतात, पण खानाची फौज विकत मिळत नाही.

मुलांनी आजीकडे पाहिले. आजींनी किल्ली काढली.

आधी ती पाच पाकिटे फुटली. मग खणच्या खण अंगणात आले. संध्याकाळपर्यंत दोन मातीच्या डोंगरांमधल्या अरुंद वाटेत डेट्रॉइटची सगळी फौज नाकाला शेपूट लावून अडकली होती. मस्टँग, चार्जर, बाराकुडा, आणि सर्वांत पुढे जांभळ्या रंगाची जीटीओ, ती कर्तलबखान. वर कड्यांवर मावळे. मातीचा मावळा वीतभराला थोडा कमी, मोटारीच्या दुप्पट उंच. एकास चौसष्ट मापाने माणूस इंचभराचा हवा, हे मी सांगायला गेलो. नात म्हणाली, "आजोबा, मावळे मोठेच असतात." ह्याला गणितात उत्तर नाही.

भाऊबीजेच्या दिवशी खान शरण आला. आता अटी काय, म्हणून पोरे पायरीवर बसलेल्या वहिनींकडे आली. वहिनींनी इतिहास वाचलेला नाही, पण अट त्यांना बरोबर सुचली. म्हणाल्या, "खानाने सामान टाकून जायचे. आणि ज्याने ज्याने माती कालवली, त्याने त्याने हवी ती एकेक मोटार न्यायची."

नऊ मोटारी गेल्या. बाकीच्या परातीत धुऊन पुन्हा कपाटात लागल्या. ह्या वर्षी गल्लीतल्या पोरांनी पितृपक्षातच विचारले, "आजी, किल्ला कधी?" माती कालवायला ह्या खेपेस चौदा जण आहेत. तीनशे नऊतून नऊ वजा केल्यावर उरल्या तीनशे, त्यांतली हिरवी द्यायची नाही. दर वर्षी चौदा ह्या दराने हा संग्रह एकवीस दिवाळ्या पुरेल, असे मी वहिनींना कागदावर काढून दाखवले.

"पुष्कळ झाल्या," त्या म्हणाल्या, आणि करंज्यांचे सारण ढवळायला आत गेल्या.